मोठी हो

अंधेरीच्या हॉस्पिटलात बहिणीला तपासणीसाठी आत नेलं आणि मी बाहेर बसले. शेजारी वेसाव्याची एक कोळीण होती. तिलाही बहिणीसारखाच स्तनाचा कॅन्सर. ती अंगठा एकेका बोटाला टेकवत जायची, करंगळीच्या अलीकडे थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. "डॉक्टरनी असंच करून दाखवलं. पेशीला निरोप येतो. एक एन्झाइम दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. नवी गोळी वाटेतच एकाला गप्प करणार."

बहिणीच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, तेव्हा मी नुसती मान हलवली होती. "पण निरोप कसला?" मी विचारलं.

"मोठी हो, अजून मोठी हो." ती बोटांकडेच बघत होती. "ताई, नात पाया पडली की मी पण हेच म्हणते ना? मग यात वाईट काय, तेच मला कळत नाही."

तेवढ्यात तिचा नंबर आला आणि ती उठून गेली.

काल बहिणीची मुलगी परीक्षेला निघताना माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नेहमीचे शब्द ओठांपर्यंत आले.

"डबा घेतलास ना?" मी म्हटलं.