आईच्या दाताचं सोनं

आई हसली की मळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी वळवणारे बाबा उगीचच हसत. अमरावतीत राजापेठेच्या पलीकडे आमचा फुलांचा मळा होता. आई शेवंतीचे हार ओवायची आणि हार पुरा झाला की दोरा पुढच्या दातानं तटकन तोडायची. कात्री समोर पडलेली असली, तरी दातच.

तो दात सडला. वऱ्हाड मध्यप्रांतात होता त्या काळी दुखरा दात उपटून टाकायचा, एवढंच लोकांना ठाऊक. बाबांनी मात्र तिला अकोल्याच्या दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मुळातली नस काढली, पोकळी भरली आणि बजावलं, "हा दात आता मेलेला आहे, ठिसूळ होणार. वर सोन्याची टोपी बसवून घ्या. तोवर दातानं काही तोडू नका."

कळ थांबली. मग काय, गरज सरो, वैद्य मरो! बाबांनी टोपीसाठी तिच्या पोतीतला एक सोन्याचा मणी काढला, तर ती भडकलीच.

"मेल्या माणसाच्या तोंडात सोनं घालतेत जी. मी काय मेली आहो? काहून असं अभद्र करून राहिले तुमी?"

"डॉक्टर दात मेला म्हणते, तू नाई," बाबा म्हणाले.

"मंग दातालेच जाळा!" म्हणून ती जी हसली, ते मळाभर ऐकू गेलं. त्या हसण्यापुढे बाबांचं कधी काही चाललं नाही. मणी डबीत गेला.

पुढच्या दसऱ्याला झेंडूच्या हारांची घाई होती. दोरा तोडता तोडता दात हिरडीपाशी मोडला. दुखलं काहीच नाही. पण त्या दिवसापासून आई तोंडावर पदर धरून हसू लागली, आणि ते हसू मळ्याच्या टोकापर्यंत पोचेना. मी किती नकला केल्या, किती गुदगुल्या केल्या. पदर काही सुटला नाही.

आज माझ्या घरात हसणारी माणसं पुष्कळ आहेत. मला तेच एक हसू हवं असतं, फार हवं असतं.

आई गेली तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या तोंडात सोनं घालायचं होतं. बाबांनी डबीतला तोच मणी आणला. तिच्या ओठांशी त्यांचं बोट जरा थांबलं. मग त्यांनी तो मोडक्या दाताच्या जागी सरकवला आणि हळूच म्हणाले, "आता तरी पदर सोडून हास व."