आमसुलाने घासलेला मीना

तांब्यावर मीना चढवण्यात माझा हात धरणारं पोलादपूर तालुक्यात कोणी नाही, हे मी आधीच सांगून टाकते. विनय वगैरे मला जमत नाही. तांब्याचा पत्रा कापायचा, त्यावर रंगीत काचेची ओली पूड ब्रशने बसवायची, सुकवायची आणि लालभडक भट्टीत दोन-अडीच मिनिटं ठेवायची. पूड वितळते आणि तांब्याला धरून बसते. लग्न होऊन कापडे गावात आल्यावर मी पडवीत विजेची छोटी भट्टी लावली, तेव्हा शेजारणी विचारायच्या, "हिच्यात पाव भाजतेस काय गो?" आता त्याच कानातली मागायला येतात.

भाचीचं लग्न ठरलं आणि तिने हट्ट धरला, "मामी, गळ्यात तुझाच हार घालणार." नणंदेचं तोंड वाकडं झालं. लेकीच्या लग्नात तांबं? लोक हसतील म्हणाली. तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. एरवी माझ्या भट्टीकडे पाठ करून बसणाऱ्या बाई, पण लेकीला ठणकावून म्हणाल्या, "माझी सून करते ता बघशील. लाज गेली तर माझी जाईल." झालं! म्हणजे आता त्यांचा शब्द माझ्या हातात.

अकरा हिरव्या पानांचा हार केला. हिरवा असा उतरला की मीच माझ्यावर खूश. भट्टीतून निघाल्यावर उघड्या तांब्याच्या कडा काळ्या पडतात, त्या पॉलिश पेपरने सावकाश घासायच्या असतात. ते काम ठेवून, पानं ताटात मांडून, मी हाराच्या कड्या आणायला महाडला गेले. लग्नाला दोन दिवस होते.

दुपारी परत येते तर काय! सासूबाई मोरीवर बसून, आमसूल नि राख घेऊन, एकेक पान खसाखसा घासतायत, पाण्याचा हंडा घासतात तसं. "काली पडली होती गो, बघ कशी केली!" कडा लखलखत होत्या खऱ्या. पण आंबटाने काचेची चकाकी खाऊन माझा हिरवा पार मेला होता.

मी तोंड सोडलं. "तुम्हाला कळत नाही ना, मग हात कशाला लावता?" त्या उठल्या, हात धुतले आणि आत गेल्या.

उपाय मला ठाऊक होता. अशी काच पुन्हा भट्टीत धरली की वरचा थर वितळून चकाकी परत येते; जरा जास्त झालं की करपते. त्यात आमच्याकडची वीज कधी मान टाकेल नेम नाही. भट्टीची आच एकसारखी राहत नाही, म्हणून घड्याळ बाजूला ठेवलं आणि नुसत्या भट्टीच्या लालीवर अंदाज घेत एकेक पान बाहेर काढलं. दहा उजळली. अकराव्यावर राखेचे ओरखडे खोल गेले होते, ते मंदच राहिलं. नवीन करायला हिरवी पूड उरली नव्हती.

कडा पुन्हा काळ्या झाल्या होत्या. पॉलिश पेपर घेऊन सासूबाईंकडे गेले. "आई, कडा तेवढ्या तुम्ही करा."

"नको गो," त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मला कळत नाय."

माझेच शब्द. स्वतःची चीड आली. पण माफी मागायची माझ्या जिभेला सवय नाही. गपचूप मीच कडा घासल्या, आणि लग्नापर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

मांडवात सगळ्यांनी हार हातात घेऊन पाहिला. नणंदेने बरोब्बर तेच पान धरलं. "हा एक फिका का गो, वहिनी?" चार बायका वळल्या. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"भट्टीत माझं चुकलं," मी म्हणाले. चारचौघांत हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं.

"तिचा काय चुकला नाय," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मीच घासलाय तो, आमसुलान." मग माझ्याकडे वळल्या. "वरडलीस त्याचा काय नाय गो. दोन दिस बोलली नायस, ता लागला."

मी भर मांडवात रडले.