चौथा बोल्ट

आमच्या गावात पाणी दोन प्रकारचं असतं. नळाचं गोड पाणी माणसांना, आणि बोअरचं खारं पाणी बाकी सगळ्याला. दर्यापूरकडचा हा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. नळ येतो दोन-चार दिवसांआड, म्हणून गोड पाण्यानं गाडी धुणं हा आमच्याकडं गुन्हाच. मी आमचा सहाचाकी ट्रक दर सोमवारी बोअरच्या पाण्यानं धुवायचो. नळी घेऊन गाडीखाली शिरायचो आणि चाकांच्या आत, ॲक्सलवर, जिथं चिखल दिसेल तिथं पाणी मारायचो. दुसऱ्यांच्या गाड्या मातीनं भरलेल्या आणि आमची लग्नाला निघाल्यासारखी. मला त्याचा फार अभिमान होता. कुणाची गाडी मळलेली दिसली तर मी त्याला चार शब्द ऐकवायचोही.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्यात चूक कुणाची हे शोधत बसावं लागणार नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. घाई तर अशी की आई म्हणायची, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. माणसांवर राग काढला तर माणसं निदान ऐकून घेतात. लोखंड ऐकून घेत नाही, हे मला अकोल्यात कळलं.

आधी गाडी मीच चालवायचो. मग माझ्या मणक्यानं दगा दिला, लांबच्या फेऱ्या बंद झाल्या, आणि स्टिअरिंग धाकट्या भावाच्या हाती गेलं. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मी दहा वाक्यं बोलतो तेव्हा तो एक बोलतो, तेही विचारलं तर. ऑइल, टायर, ब्रेक बघणं माझ्याकडं, चालवणं त्याच्याकडं, अशी आमची वाटणी होती आणि ती बिनतक्रार चालली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर चांदूर बाजारकडचा संत्र्याचा माल मिळाला. परतवाड्याहून वर चढायचं, मेळघाटातून धारणीकडं उतरायचं आणि पुढं मध्य प्रदेशात जायचं. तोडणीवर नजर ठेवायला भाऊ दोन दिवस आधीच बगिच्यावर जाऊन थांबला होता. इकडं ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढायला लागली होती, म्हणून मी ती घेऊन अकोल्याला गेलो. सकाळी गॅरेजमध्ये लावायची, ब्रेकचे लायनर बदलायचे, संध्याकाळी चांदूर बाजार गाठायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं माल घेऊन निघायचं, असा सरळ बेत होता.

मूर्तिजापूर रोडवर एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळा रस्ता त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणतो. मिस्त्री लोक काम झाल्यावर हात धुतात. हे कामाला बसण्याआधीही धुतात, पार कोपरापर्यंत. मला त्या दिवशी त्याचाही राग आला होता, कारण त्यात पाच मिनिटं जातात.

त्यांनी मागचं डावं चाक उतरवलं, ड्रम काढला. लायनर झिजलेले होतेच. पण चाचांचं लक्ष दुसरीकडं होतं. ज्या जाड लोखंडी प्लेटवर ब्रेकचे शू बसतात, ती प्लेट ॲक्सलला सहा बोल्टांनी आवळलेली असते. त्या बोल्टांभोवती गंज आणि गंजावर पांढरा थर साचला होता. चाचांनी तो नखानं खरवडला आणि जिभेला लावून पाहिला.

"खारपानातले ना तुमी?"

"हो. कसं ओळखलं?"

"गाडी बोरच्या पान्यानं धुता."

"दर सोमवारी," मी छाती फुगवून सांगितलं.

चाचा बाजूला थुंकले. "मंग दर सोमवारी तुमी गाडीले मीठ चारून राहिले."

प्लेट हलत होती. चाचा म्हणाले, सहाही बोल्ट उघडून प्लेट काढून पाहावी लागेल. मी म्हणालो, मग काढा लवकर. पण चाचांकडं 'लवकर' नावाचा पाना नव्हता. त्यांची पद्धत अशी: बोल्टवर डिझेल सोडायचं आणि थांबायचं. मग गॅसची आच द्यायची, तीही बोल्टला नाही, त्याच्या भोवतीच्या लोखंडाला. ते तापलं की साधी मेणबत्ती तिथं टेकवायची. मेण वितळून आट्यांमध्ये आपोआप आत ओढलं जातं. मग हातोडीनं डोक्यावर हलके ठोके, आणि पाना लावला की आधी केसभर आवळायचं, मग केसभर सोडायचं. पुन्हा आवळायचं, पुन्हा सोडायचं. आवळलेला बोल्ट सोडवायला आलेला माणूस तो आणखी आवळतो, हे पाहून माझं डोकं फिरत होतं. दुपारपर्यंत तीन बोल्ट निघाले.

दुपारी चाचा नमाजला गेले. जाताना चौथ्या बोल्टवर डिझेल सोडलं आणि म्हणाले, "याले भिजू द्या. हात नका लावू."

मी दहा मिनिटं थांबलो. मग पान्याला चार फुटांचा पाइप अडकवला, पाय रोवले, आणि सकाळपासूनचा सगळा राग त्या पाइपवर टाकला. बोल्ट हलल्यासारखा वाटला. मी खूश झालो. पुढच्याच क्षणी कट् असा आवाज झाला आणि मी पाठीवर पडलो. बोल्टचं डोकं पान्यात राहिलं होतं आणि बाकीचा बोल्ट प्लेटच्या आत.

चाचा आले. त्यांनी माझ्या शर्टाची माती पाहिली, मग बोल्ट पाहिला.

"तुटला?"

"तुटला."

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, मलाही उलट बोलता आलं असतं. त्यांनी पान्यात अडकलेलं डोकं काढून बाजूला ठेवलं. तेव्हा मीच बोललो. म्हणालो, "चाचा, आता राहू द्या. तीन नवे टाका, उरलेले दोन तर जाम बसलेच आहेत. पाच झाले. पाचावर चालते गाडी. माल थांबला आहे माझा."

"गाडी कोन चालवते?"

"लहान भाऊ."

"कोन्या रस्त्यानं?"

"मेळघाटातून, धारणीकडं."

चाचा उलट्या क्रेटवर बसले. "मंग भावाले फोन लावा. त्याले सांगा, सहातला एक बोल्ट म्या तोडला, दोन उघडून पाह्यले नाई, प्लेट हालते, तरी तू घाट उतर. तो हो म्हनला तं मी आत्ता चाक बसवतो."

"गाडीचा मालक मी आहे," मी म्हणालो. आवाज चढलाच होता.

"गाडीचे तुमी. ब्रेकवर पाय कोनाचा ऱ्हाते? माह्या गॅरेजात 'राहू द्या' त्यानंच म्हनाचं. दुसऱ्यानं नाई."

मी रागातच फोन लावला. यात काय एवढं, असं मला वाटत होतं. वाक्य तयार होतं.

"हां दादा," भाऊ म्हणाला. त्याच्या तोंडात संत्र्याची फोड असावी, बोलणं रसानं भरलेलं होतं. "झाली का गाडी?"

मी फोन धरून उभा राहिलो. समोर चाचा बसलेले, बाजूला उघडं चाक. 'तरी तू घाट उतर' हे चार शब्द मला उच्चारता येईनात. आयुष्यात मी रागाच्या भरात नाही नाही ते बोललो आहे, पण हे नाही बोलता आलं.

"नाई झाली," मी शेवटी म्हणालो. "उद्यावर जाईन काम. व्यापाऱ्याले सांग."

"बरं," तो म्हणाला. "तू जेवला का?"

फोन ठेवला तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. चाचांनी विचारलं नाही काय ठरलं. ते उठले, पुन्हा कोपरापर्यंत हात धुतले आणि मेणबत्ती उचलली.

पाचवा आणि सहावा बोल्ट त्यांच्या पद्धतीनं निघाले. चौथ्याच्या थोटकावर त्यांनी एक नट ठेवला आणि आतून वेल्डिंग करून तो थोटकाला जोडला, म्हणजे पाना धरायला डोकं मिळालं. पहिल्यांदा नट उखडून आला. दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्यांदा त्यांनी वेल्डिंग थोडं निवू दिलं, मेण पाजलं, आणि पाना माझ्या हातात दिला.

"आधी आवळा," ते म्हणाले.

मी आवळला. मग सोडला. केसभर. पुन्हा आवळला. किती वेळ ते चाललं होतं कोण जाणे, पण त्या वेळात मला एकदाही घाई झाली नाही, एवढं आठवतं. थोटूक कुरकुरत फिरलं आणि बाहेर आलं.

प्लेट उतरवून चाचांनी ती डिझेलच्या फडक्यानं पुसली आणि उलटी केली. ॲक्सलला चिकटून असलेल्या बाजूनं, चौथ्या बोल्टच्या भोकापासून थेट कडेपर्यंत, चीर गेली होती. आतपर्यंत गंजलेली, म्हणजे आजची नव्हती. ती घेऊन भाऊ किती फेऱ्या करून आला होता देव जाणे. चाचांनी चिरेवर नख ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी तिथंच खाली बसलो.

"हात धुऊन घ्या," चाचा म्हणाले. "चहा मांगवतो."

गावात ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, बोल्ट तुटला ते बरंच झालं. बरं काही झालं नाही. चाचा प्लेट उघडणारच होते, ती न उघडण्याची सगळी तयारी मी केली होती. आता ट्रक महिन्यातून एकदाच, गोड पाण्यानं, अकोल्यात धुऊन घेतो, आणि येता-जाता काम नसलं तरी चाचांच्या गॅरेजसमोर थांबतो. त्यांना काय म्हणायचं ते मला अजून नीट सुचलेलं नाही. संत्री ठेवतो, थोडा वेळ बसतो. या माणसानं माझा भाऊ मला परत दिला, असं मी इथं लिहू शकतो, त्यांच्यासमोर म्हटलं तर ते 'चहा घ्या' म्हणतील.

चीर सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या सामानाच्या बाजारातून चांगली प्लेट मिळाली, सहा नवे बोल्ट लागले आणि दुपारी मी गाडी घेऊन चांदूर बाजारला निघालो. ब्रेक दाबला की गाडी सरळ उभी राहत होती. भाऊ बगिच्याच्या तोंडाशी क्रेट रचत होता. मणक्याचं दुखणं विसरून मी खाली उतरलो आणि त्याला सगळं सांगितलं: सोमवारचं पाणी, पाइप, चीर, आणि तो फोन कशासाठी लावला होता तेही. हे शेवटचं सांगताना मी त्याच्याकडं पाहत नव्हतो.

त्यानं हातातला क्रेट खाली ठेवला.

"सांगतलं असतं तरी मी गेलो असतो, दादा," तो म्हणाला.

"काहून?"

"तू 'जाय' म्हनला असता म्हनून. मी कधी इचारलं का तुले, ब्रेक कसे हायेत?"

सात वर्षं तो ती गाडी चालवत होता. एकदाही विचारलं नव्हतं.