खंडेनवमीचा नारळ आणि तापलेलं बीड

बीड जोडणाऱ्याचा खरा शत्रू कोण, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, घाईला आलेले नातेवाईक. लोखंड बिचारं समजूतदार. तापवलं की मऊ होतं, ठोकलं की वाकतं. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, तसं नाही. ठोकायला जाल तर फुटेल, जोडायला जाल तर रुसेल, आणि गरम असताना त्यावर थेंबभर गार पडलं की संपलंच. आगगाडीच्या कारखान्यात फिटर होतो तेव्हा मी हे शिकलो. पुढे कोपरीला स्टेशनामागे स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हापासून लोकांना घसा कोरडा होईस्तोवर हेच सांगत आलो. पालथ्या घड्यावर पाणी!

माझी सासुरवाड कल्याणची. सासऱ्यांचा तांदळाचा व्यापार. भात कांडायचं काम घरच्या बायकांकडे, जोडीला मजुरीच्या तिघीचौघी. सासूबाई लग्न होऊन आल्या त्या उखळाशीच उभ्या राहिल्या. त्यांचा उजवा खांदा असा धरला होता की स्वतःचा अंबाडा त्यांना घालता येत नसे, सून घालून देई. त्यांनीच धाकट्या मुलाच्या मागे लागून मुंबईतल्या कुठल्याशा गिरणीने काढून टाकलेलं वाफेचं इंजिन भात कांडायला घरी आणवलं. सासऱ्यांना हे थेर मुळीच पसंत नव्हते. "दसऱ्यापर्यंत चाललं तर ठेवीन," ते म्हणाले, "नाहीतर मोडीत काढीन. शीळकडच्या भाताच्या गाड्या काय तुमच्या इंजिनासाठी खोळंबून राहणार आहेत?"

इंजिन सुरू झालं आणि त्याच दिवशी फुटलं. दोन सिलिंडरांतली वापरून झालेली वाफ एकत्र करून बाहेर सोडणारा बिडाचा दुतोंडी नळ होता. तो नेमका बेचक्यात तडकला. तसला दुसरा नळ मिळेना, कारण इंजिनच आजोबांच्या वयाचं. मेहुणा धावत माझ्याकडे आला. "भावोजी, आता तुम्हीच काहीतरी करा. आईने अन्न सोडलंय."

आधी मी पत्रा वाकवून नवाच नळ घडवून पाहिला. दोन तोंडं इंजिनावर बसवायला जावं तर एक बसे आणि दुसरं बोटभर वर राही. जोर लावून आवळलं की सांध्यातून फुसफुस सुरू. सगळी मेहनत मातीत! वर सासरे सकाळ-संध्याकाळ येऊन विचारणार, "झालं का?" होत असतं तर मी काय लपवून ठेवलं असतं?

शेवटी जुनाच नळ जोडायचं ठरवलं. अष्टमीला सासऱ्यांच्या परसातच भट्टी लावली. तड कोरून रुंद केली, भोवती मातीचा साचा बांधला, अख्खा नळ कोळशात लाल केला. मग वितळलेलं बीड तडीतून इतका वेळ वाहू दिलं की तिच्या कडा वितळून त्यात मिसळल्या. सांधा असा सुरेख आला की मला स्वतःचाच हेवा वाटला. नळ राखेत पुरला आणि घरातल्या झाडून सगळ्यांना गोळा करून बजावलं, "हा हळूहळू आपला आपण निवेल. राख काढायची नाही. पाणी जवळपासही आणायचं नाही. दसऱ्याला सकाळी मी स्वतः उकरीन."

"पण लोहार तर लाल लोखंड पाण्यात बुडवतो की!" एक चुलत सासरे म्हणाले. उंटावरचे शहाणे! त्यांनाही समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दाराआडून सासूबाईंनीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी फराळाला पाटावर बसतो न बसतो तोच परसातून आवाज आला. टण्ण!

तो आवाज मला झोपेतही कळला असता. ताट ढकलून धावलो. राख बाजूला सारलेली, नळावर हळदकुंकू, वर झेंडूची फुलं करपत होती, आणि चर्र करीत वाफ उठत होती. बाजूला सासूबाई, हातात नारळाच्या दोन वाट्या. सांध्याला लागून नवी तड थेट तोंडापर्यंत गेली होती.

"अहो, पाणी घालू नका म्हणून कानीकपाळी ओरडलो ना मी!" सासूबाईंसमोर माझा आवाज कधी चढला नव्हता, तो चढला.

"पाणी कुठे घातलं, जावईबापू?" त्या म्हणाल्या. "नारळ वाढवला. विळी, कोयता, मुसळं, सगळ्यांची पूजा झाली. ह्याचीच तेवढी राहू द्यायची? माझी सगळी आशा ह्याच्यावर, आणि हा सणाच्या दिवशी राखेत पुरलेला. मला बघवेना."

कप्पाळ माझं! देवाचं पाणी नि विहिरीचं पाणी बिडाला सारखंच, हे त्यांना आता सांगून उपयोग काय होता? भट्टीजवळ पडलेली सांडशी मी उचलून भिरकावली. एवढ्यात सगळं घर जमलं, पुढे सासरे. पुन्हा जुळेल का, त्यांनी विचारलं. जुळणार नव्हता. तड आता तीन ठिकाणी फाकली होती.

"सांधा कच्चा राहिला माझा," मी म्हणालो. "निवता निवता गेला." फुलं, कुंकू, नारळ, सगळं समोर दिसत असताना हे म्हणालो. सासऱ्यांनी सगळ्यावरून नजर फिरवली आणि ते म्हणाले, "असेल. दसरा झाला की मोडीवाल्याला बोलवा."

"खोटं कशाला बोलता, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "मी फोडला." नवऱ्यासमोर, चारचौघांत, सरळ.

मग त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून धरला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. सुनेकडे वळून म्हणाल्या, "मुसळांना आज हात लावू नका गं, त्यांची पूजा झालीय. परवापासून कांडायला घेऊ."