बेपोचा हात

स्प्लिट शहरातल्या बाचवित्सेच्या किनाऱ्यावर, घोटाभर पाण्यात बेपोची हयात गेली. मध्येमध्ये गोदीत वायरमनची नोकरी झाली, लग्न झालं, दोन मुली झाल्या, पण काय करता म्हणून विचाराल तर तो सांगणार, "पित्सिगिन खेळतो." पाच जण गोलात उभे राहतात, लव सोललेला टेनिसचा चेंडू तळहातानं एकमेकांकडे उडवतात आणि तो पाण्याला लागू देत नाहीत. गुण नाहीत, हारजीत नाही. सूर मारून चेंडू उचलताना माणूस किती देखणा दिसतो, तेवढंच किनारा बघत असतो.

आणि देखणा म्हटलं की श्पिरो. साठी उलटली तरी पोट आत, केस काळेभोर. तो काळेपणा कुठल्या दुकानात मिळतो, हे बेपो कुणी न विचारताही सांगायचा. दोघं बालमित्र, म्हणजे बेपोच्या पोटात तेव्हापासूनच दुखतंय.

जूनमध्ये टेया नावाची दिग्दर्शिका एका बँडच्या गाण्याचा व्हिडिओ करायला आली. गाणं बेफिकीर तरुणाईचं. एका स्कूटरवर तिघं, धक्क्यावरून उड्या, कलिंगडाच्या फोडींची मारामारी, हे सगळं टिपून झालं होतं. आता पोरांच्या मधोमध तिला एक असा म्हातारा हवा होता, जो म्हातारा झालाच नाही. तिनं श्पिरोकडे बोट दाखवलं.

"बार्बा बेपो, तुम्ही तिकडे, कॅमेऱ्याकडे पाठ करून. त्यांना चेंडू द्यायचं काम तुमचं."

इथली पोरं काका म्हणायचं तिथं बार्बा म्हणतात. त्या दिवशी बेपोला तो शब्द शिवीसारखा लागला.

"पाठ बरी दिसते तुझी," श्पिरो म्हणाला.

"तू डोकं बुडवू नकोस. रंग उतरला तर मासे मरतील."

बेपोनं मनाशी बेत केला. श्पिरोला चेंडू असा अलगद द्यायचा की पठ्ठ्याला जागचं हलायला लागू नये. सूर नाही तर शोभा नाही. दुपारपर्यंत श्पिरो बसची वाट बघत असल्यासारखा उभ्या उभ्या चेंडू परतवत राहिला.

"लेका, जरा लांब टाक ना," तो दातओठ खात पुटपुटला.

"या वयात तुला कशाला दमवू?"

टेया वैतागली. "बार्बा श्पिरो, तुम्ही नुसते उभे आहात. आता नाही जमलं तर जागा बदलू. बार्बा बेपो, मध्ये याल?"

"बघू," बेपो म्हणाला. लग्नाला होकार देतानाही त्याचा आवाज इतका गोड निघाला नव्हता.

कॅमेरा पुन्हा सुरू झाला. रोको नावाच्या एका दांडगटानं चेंडू भलताच तडकावला. तो बेपोच्या डावीकडून, आवाक्याबाहेर, पाण्याकडे निघाला. सोडून दिला असता तर दृश्य फुकट, श्पिरो बाद, बेपो मध्ये. पण हे बेपोला नंतर सुचलं. पडता चेंडू दिसला की बाचवित्सेच्या माणसाचं अंग डोक्याला विचारत बसत नाही. तो आडवा झेपावला, पाण्याच्या वीतभर वर चेंडूखाली हात घातला. चेंडू उंच, वाकडा, श्पिरोच्या डोक्यावरून गेला. श्पिरो मागे वळून असा उडाला, की काठावर कॉफी पिणाऱ्या बायकांनी कप खाली ठेवले.

"हेच," टेया म्हणाली. "झालं. आवरा."

बेपो पाण्यात बसून नाकातलं खारं पाणी शिंकरत राहिला.

ऑगस्टमध्ये व्हिडिओ आला. सगळ्यांनी कॅफेत बसून पाहिला. श्पिरो हवेत आडवा, संथ गतीत, मागे सूर्य. तेच दृश्य गाण्यात तीनदा. त्याच्या आधी क्षणभर खालून एक ओला हात येतो, मनगटापर्यंत.

"हा तुझा रे," बेपोची बायको नेदा म्हणाली. "बोटं बघ, वांग्यासारखी."

श्पिरोनं सगळ्यांना बिअर पाजली. बेपोनं आपली आपण घेतली.

तेव्हापासून बेपोच्या फोनवर तो व्हिडिओ कायम तयार असतो. जर्मन पर्यटकसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. नेमक्या जागी थांबवून तो सांगतो, "हा मी." त्या चौकटीत मागे श्पिरोही आलेला आहे, उडायच्या बेतात. पण बेपो फोन असा धरतो की त्याचा अंगठा बरोबर श्पिरोवर येतो.

"अंगठ्याखाली कोण आहे?" कुणीतरी विचारतंच.

"कुणी नाही," बेपो म्हणतो. "येतो एक जण खेळायला."