साडेएकोणीस इंचांचे नाना

आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. वास्तुशास्त्रातल्या माझ्या पदव्युत्तर प्रबंधात ज्या प्राचीन 'खानदेशी हाता'चं एवढं कौतुक झालं, तो हात आमच्या नाना ड्राफ्ट्समनचा होता. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साडेएकोणीस इंच.

नाना आमच्या धुळ्याच्या ऑफिसात नकाशे ट्रेस करायचे. मॅट्रिक नापास, पण अक्षर छापल्यासारखं. ट्रेसिंग पेपरवर घाम पडू नये म्हणून मनगटाला मुलीच्या जुन्या फ्रॉकची फुलाफुलांची पट्टी बांधायचे आणि तसेच ऐटीत चहाला निघायचे. पाच वर्षं शिकून, आर्किटेक्ट म्हणून कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळवूनही मी पुन्हा पुण्याला शिकायला निघालो, तेव्हा त्यांनी काळजीने विचारलं, "भाऊ, पहिल्या वेळी काही राहून गेलं का?"

विषय होता सोनगीर-शिंदखेड्याकडची धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं. बत्तीस घरं मोजायची होती, आणि मे महिना. मी नवाकोरा टेप नानांच्या हाती दिला नि पंख्याखाली बसलो. नाना एसटीने जात, संध्याकाळी फूट-इंचांतले आकडे आणि घरोघरच्या बातम्या घेऊन येत. शिंदखेड्याला म्हणे दोघा भावांना वाटलं, वाटणी करायला माणूस आला. खोली कोणाची मोठी यावरून जुंपली. नानांनी मोजून सांगितलं, दोन्ही अगदी सारख्या. मग दोन्हीकडे आमरस हाणून आले.

आकडे मांडताना माझ्या लक्षात आलं, प्रत्येक मापाला साडेएकोणीस इंचांनी नि:शेष भाग जातो. होस्टेलच्या गच्चीवर मी चक्क नाचलो. गाइड सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, हा शोध आहे.

तोंडी परीक्षेला आठवडा असताना मी धुळ्याला आलो. नानांनी टेप परत दिला. त्यावरचं प्लास्टिकसुद्धा फाटलेलं नव्हतं. मी टेपकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे.

"टेप लोंबस, भाऊ. हात लोंबस नही."

आणि अर्धामुर्धा हात उरला तर? तो त्यांनी सोडून दिला होता. पुरता आकडा बरा दिसतो. अर्ध्यावरूनच भावाभावांत लागते, म्हणाले. "बठ्ठं माप मना हातनं शे." म्हणजे सगळी मापं त्यांच्याच हाताची, फूट-इंच नंतर गुणून काढलेले. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. का ते न कळता तेही हसले. मग मी पुण्याला जाऊन परीक्षकांना सांगितलं की हे माप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

पहिला वर्ग मिळाला. बांधलेला प्रबंध नानांनी हात धुऊन घेतला आणि ऋणनिर्देशाचं पान काढलं. इंग्रजी अक्षरं जन्मभर गिरवलेली. ओळीओळीवरून बोट फिरत गेलं. गाइड सर, प्राचार्य, टायपिस्ट. नानांचं नाव मी गाळलं होतं. कोणी जाऊन त्यांना विचारलं तर, या भीतीने. बोट खाली थांबलं. पुढे अर्धं पान कोरं होतं.

"जागा पुरली नसेल," नाना म्हणाले, आणि पट्टी बांधून कामाला बसले.

नानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. प्रबंध ग्रंथालयात आहे, मुलं अजून त्याचे दाखले देतात. बत्तीस घरांची खरी मापं आणि त्या पानावर नानांचं नाव, एवढं मी अजून देणं लागतो.