पुठ्ठामावशींना कळेपर्यंत

प्रतिष्ठानाच्या ग्रंथालयात जिन्याखाली एक खोली होती. तिथे खळीचं पातेलं, पुस्तकं दाबायचं यंत्र, पुठ्ठ्यांची चळत आणि या सगळ्याच्या मधोमध पुठ्ठामावशी. फाटलेल्या वैद्यकीय ग्रंथांना नवी पाठ घालून द्यायचं हे त्यांचं काम. तीस वर्षांत हजारो ग्रंथ हाताखालून गेले, पण आतलं वाचायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. कुणी हटकलं तर म्हणायच्या, "न्हावी काय गिऱ्हाइकाच्या डोक्यातले विचार वाचतो?"

पण महिन्यातून एकदा याच बाई भल्याभल्या डॉक्टरांना घाम फोडायच्या. कारण प्रतिष्ठान काढणारा म्हातारा. औषधांच्या धंद्यात रग्गड कमावलं आणि ते लोकांना विज्ञान समजावण्यात घातलं. फुकट व्याख्यानं, वाचनालय, घरोघरी वाटायची पत्रकं. जाताना एक अट मात्र लिहून ठेवली: कुठलंही भाषण आधी बांधणीच्या खोलीत ऐकवायचं आणि मावशींनी ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. बरोबर सांगितलं तर भाषण पास. चुकलं तर मावशी नव्हे, डॉक्टर नापास!

एकदा काचबिंदूवर बोलायला एक बडे नेत्रतज्ज्ञ आले. मखमली कोट, सोनेरी चष्मा. पाऊण तास बोलले. पुढचं मला ग्रंथपालानं सांगितलं. त्याच्या पोटात तीळ भिजत नाही, म्हणून तर मी त्याला चहा पाजतो.

मावशी म्हणाल्या, "कळलं. डोळ्यात दाब वाढतो. मग दुखतं. दुखलं की तुमच्याकडे यायचं, ऑपरेशन करायचं, की पुन्हा लख्ख."

"अहो, यातलं दाबाचं सोडून एकही वाक्य बरोबर नाही!" तज्ज्ञ ओरडले.

"मग तुम्ही बोललात ते काय होतं?"

तज्ज्ञ तडक कार्यवाहांच्या खोलीत. थोड्या वेळानं कार्यवाह घाम पुसत खाली आले. "मावशी, या वेळी नुसती मान हलवा. हे गेले तर विश्वस्त ती अटच काढून टाकतील. ठराव टाइप होऊन टेबलावर पडलाय."

मावशींची नोकरी जाणार नव्हती. पण जिन्याखालच्या बाईला वरची माणसं विचारत होती ती या अटीपायी. ती गेली की मावशी पुन्हा नुसत्या खळ आणि पुठ्ठा.

घरी नवऱ्यानं तोंड बघून ओळखलं. "डॉक्टरशी भांडून आलीस?"

"भांडले नाही. कळलं नाही एवढंच म्हटलं."

"मग कळलं म्हणायचं! लग्नात तुझ्या वडिलांनी तासभर उपदेश केला, मी नाही मान हलवली?"

"म्हणून तर अजून एक अक्षर पाळत नाही तुम्ही!" मावशी फणकारल्या. आणि मग आपलंच बोलणं आपल्या कानावर आदळलं. दोनशे माणसं सभागृहातून अशीच मान हलवून घरी जाणार की!

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ आले ते होकार गृहीत धरून. मावशींनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. मला अजून कळलेलं नाही. ठराव करायचा तर करा. पण आज सांगू नका, दाखवा."

तज्ज्ञांनी वैतागून टेबलावरची पुठ्ठ्याची नळी उचलली. "घ्या! एका डोळ्याला लावा. दुसरा मिटा. काय दिसतं?"

"तुमचं नाक."

"कान?"

"नाही दिसत."

"दुखतंय कुठे?"

"छे!"

"हाच काचबिंदू! बहुतेकांचं असंच, कडेचं हळूहळू जातं, न दुखता. गेलेलं परत येत नाही. वेळेवर आलात तर उरलेलं औषधाच्या थेंबांनी राखता येतं."

मावशींनी नळी खाली ठेवली. "मग हे काल पाऊण तास लपवलंत कशाला?"

तज्ज्ञ आधी लाल झाले, मग हसले. जुन्या भाषणाचा कागद फाडला आणि तिथेच बसून भाषण नव्यानं लिहिलं. मावशींनी दोन दिवसांत दोनशे नळ्या वळल्या.

व्याख्यानाला मी होतो. सगळे नळ्या लावून एकमेकांची नाकं शोधत खिदळत होते. तिसऱ्या रांगेतला म्हातारा घड्याळजी तेवढा कोऱ्या चेहऱ्यानं बसला होता. जन्मभर भिंगातून काटे बघितलेला माणूस. त्यानं नळी लावली, काढली, परत लावली.

"डॉक्टरसाहेब, यात गंमत काय आहे? नळी काढली तरी मला एवढंच दिसतं."

तज्ज्ञ व्यासपीठावरून उतरून सरळ त्याच्याकडे गेले. तपासणी दुसऱ्या दिवशीच झाली. गेलं ते गेलं. पण उरलेली नजर दोन वर्षं झाली तरी जागेवर आहे. घड्याळजी रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता थेंब घालतो आणि आता शेजाऱ्यापाजाऱ्यांना नळ्या लावत फिरतो.

ठराव कार्यवाहांनी स्वतःच फाडला. त्या व्याख्यानाच्या पुढच्याच महिन्यात हृदयाचे डॉक्टर आले आणि थेट सभागृहाकडे निघाले. त्यांना पोचवायला आलेल्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा दंड धरून जिन्याखाली वळवलं.

"आधी इकडे. मला दोन दिवस लागले होते. बघू तुम्हाला किती लागतात!"

आतून आवाज आला, "या, बसा. आणि तो पांढरा कोट खळीपासून सांभाळा."